यौवनारंभ व व्यसनप्रवणता : सांख्यिकीय प्रतिमाने

यौवनारंभ व व्यसनप्रवणता : मुलगा किंवा मुलगी वयात येण्याचा काळ आणि तंबाखू, मद्य व इतर मादक पदार्थांच्या सेवनास प्रारंभ होण्याची संभाव्यता यांतील संबंधाचा अभ्यास. सांख्यिकी, मानवी वाढीचे शास्त्र, मानसशास्त्र व सार्वजनिक आरोग्य या चार शाखांचा त्यात संबंध येतो. हा संबंध समीकरणाच्या रूपात मांडला म्हणजे त्यास सांख्यिकीय प्रतिमान म्हणतात. प्रतिमान एखाद्या विशिष्ट मुलाचे वा मुलीचे भविष्य सांगत नाही. सारख्या परिस्थितीतील अनेक मुलामुलींच्या समूहात एखादी गोष्ट किती प्रमाणात घडेल, याचा तो एक सुव्यवस्थित अंदाज असतो. या विषयावरील पायाभूत संशोधन मुख्यतः स्वीडन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे झाले आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तंबाखूची पहिली ओळख पुष्कळदा घरातील मशेरीच्या रूपाने होते. अशा ठिकाणी तेथील निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते का पडत नाहीत आणि प्रतिमानाची मांडणी कोणत्या रीतीने बदलावी लागते, हे समजून घेणे या विषयात महत्त्वाचे आहे.

यौवनारंभाचे मापन : मेंदूतील अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांच्या प्रेरणेने जनन ग्रंथी कार्यान्वित होतात आणि मुलींमध्ये मुख्यतः स्त्रीमदजनाचे, तर मुलांमध्ये पौरुषजनाचे स्रवण वाढते. त्यामुळे उंची झपाट्याने वाढते व दुय्यम लैंगिक लक्षणे दिसू लागतात. उंचीवाढीचा कमाल वेग मुलींमध्ये सर्वसाधारणपणे १२ व्या वर्षाच्या आसपास, तर मुलांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी आढळतो. ब्रिटिश बालवाढतज्ञ जेम्स टॅनर (१९२०–२०१०) यांनी या बदलांच्या पाच अवस्था रूढ केल्या. मार्शल व टॅनर यांचे यासंबंधीचे निबंध मुलींविषयी १९६९ मध्ये व मुलांविषयी १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांमधील वृषणांचे आकारमान मोजण्यासाठी स्विस वैद्य आंद्रेआ प्राडर यांनी तयार केलेली मण्यांची माळ वापरतात.

शारीरिक तपासणी शाळेत वा घरी करणे अवघड असल्याने मुलींच्या बाबतीत ऋतुप्राप्ती, म्हणजे प्रथम ऋतुस्राव, हीच खूण बहुतेक पाहण्यांत वापरली जाते. ही घटना निश्चित व लक्षात राहणारी असली, तरी ती यौवनारंभाच्या उत्तरार्धात घडते. मुलांच्या बाबतीत अशी सोयीची खूण नाही. आवाज फुटणे वा मिसरूड फुटणे यांची तारीख कोणी सांगू शकत नाही. मुलांविषयीची माहिती या विषयात तुलनेने तोकडी राहिली, याचे हे एक कारण आहे.

ऋतुप्राप्तीचे वय काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रौढ स्त्रीला किंवा मोठ्या मुलीला आठवणीने वय विचारतात. आठवणीतील वय पूर्ण आकड्यांकडे झुकते व काळ लोटला की ते अधिक संदिग्ध होते. दुसरीत निरनिराळ्या वयांच्या मुलींना त्यांचे आजचे वय आणि ऋतुप्राप्ती झाली आहे की नाही, एवढेच विचारतात. प्रत्येक वयाला ‘होय’ म्हणणाऱ्यांचे शेकडा प्रमाण आलेखावर मांडले असता इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वक्र मिळतो. तो ज्या वयाला शेकडा ५० ची रेषा छेदतो, ते त्या समूहाचे ऋतुप्राप्तीचे मध्यक वय होय. या रीतीत आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही व थोड्या काळात पाहणी पुरी होते. मात्र एकेका मुलीचे ऋतुप्राप्तीचे वय तीतून कळत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : उष्ण हवामानात मुली लवकर वयात येतात, असा समज युरोपीय वैद्यकात दीर्घकाळ रूढ होता. मँचेस्टर येथील शल्यचिकित्सक जॉन रॉबर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतासह निरनिराळ्या देशांतून आकडे मिळवून या समजाला आव्हान दिले. भारतात हा विषय पुढे कायद्याशी निगडित झाला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेले. गर्भाधान संस्कार ऋतुप्राप्तीशी जोडलेला असल्याने मुली नेमक्या कोणत्या वयात ऋतुमती होतात, हा त्या वादातील कळीचा प्रश्न ठरला. रत्नागिरी येथे जन्मलेले लोकमान्य टिळक हे त्या कायद्याच्या प्रमुख विरोधकांपैकी होते. विसाव्या शतकात पोषण व आरोग्य सुधारले तसे अनेक देशांत ऋतुप्राप्तीचे वय खाली आले आणि हवामानापेक्षा आहार, आजारपण व आर्थिक स्थिती यांचा प्रभाव अधिक असल्याचे स्पष्ट झाले. लवकर वयात येणे ही गोष्ट अशा रीतीने सामाजिक परिस्थितीशी बांधलेली आहे. व्यसनाशी तिचा संबंध तपासताना हा दुवा विसरून चालत नाही.

प्रतिमानांचे स्वरूप : एखाद्या वयोगटातील मुलगी तंबाखू वापरते की नाही, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच असते. अशा उत्तरासाठी लॉजिस्टिक समाश्रयण हे प्रतिमान वापरतात. सेवनाची संभाव्यता ‘श’ मानल्यास त्याची मांडणी पुढीलप्रमाणे होते :

लॉग [श ÷ (१ − श)] = क + ख₁ × (वय) + ख₂ × (परिपक्वतेची अवस्था) + ख₃ × (घरातील तंबाखूसेवन) + …

यातील ‘ख’ हे सहगुणक प्रत्यक्ष माहितीवरून काढले जातात. ख₂ शून्याहून स्पष्टपणे मोठा आला, तर एकाच वयाच्या व घरची परिस्थिती सारखी असलेल्या दोन मुलींपैकी शरीराने पुढे असलेल्या मुलीच्या गटात सेवनाची शक्यता अधिक आहे, असा त्याचा अर्थ होतो. वय समीकरणात घेणे आवश्यक असते. वय वाढते तशी परिपक्वताही वाढते व तंबाखू हाती लागण्याच्या संधीही वाढतात. वय वगळल्यास वयाचा सर्व परिणाम परिपक्वतेच्या नावावर जमा होतो.

येथे एक गणिती अडचण आहे. मुलीचे आजचे वय म्हणजे तिच्या ऋतुप्राप्तीचे वय आणि त्यानंतर लोटलेला काळ यांची बेरीज. तिन्ही राशी एकाच सरळ समीकरणात स्वतंत्र म्हणून घालता येत नाहीत, कारण दोन दिल्या की तिसरी ठरूनच जाते. त्यामुळे ‘लवकर वयात आल्यामुळे’ जोखीम वाढली की ‘वयात येऊन अधिक काळ लोटल्यामुळे’ वाढली, हे केवळ एका वेळच्या पाहणीवरून वेगळे करता येत नाही.

दुसरी अडचण अपुऱ्या निरीक्षणाची आहे. पाहणीच्या दिवशी ११ वर्षांची असलेली मुलगी अद्याप ऋतुमती झालेली नसेल किंवा तिने तंबाखूला हात लावलेला नसेल. परंतु पुढे काय होईल ते माहीत नसते. अशा मुलींना हिशोबातून वगळल्यास निष्कर्ष चुकतो. हे टाळण्यासाठी ‘घटना घडेपर्यंतचा काळ’ हाच चल मानणारे विश्लेषण करतात. कापलान व मायर यांची १९५८ मधील रीत आणि ब्रिटिश सांख्यिकीविज्ञ डेव्हिड कॉक्स यांचे १९७२ मधील प्रतिमान या प्रकारात मोडतात. कॉक्स यांच्या प्रतिमानात ‘ऋतुप्राप्ती झाली’ ही स्थिती काळानुसार बदलणारा चल म्हणून घेता येते. त्यामुळे ऋतुप्राप्तीपूर्वीचे व नंतरचे महिने वेगळे मोजले जातात आणि कारण आधी व परिणाम नंतर हा क्रम राखला जातो.

वारंवार मोजलेल्या उंचीवरून यौवनारंभाचा काळ काढणारी प्रतिमानेही आहेत. प्रीस व बेन्स यांनी १९७८ मध्ये वाढीच्या वक्राचे एक समीकरण दिले. टिम कोल व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात समूहाचा एक सरासरी वक्र घेऊन प्रत्येक मुलासाठी तो वर-खाली व मागे-पुढे सरकवतात, तसेच वयाच्या अक्षावर ताणतात किंवा आखडतात. यांतून प्रत्येकाचा आकार, काळ व वेग असे तीन आकडे मिळतात. केवळ उंची नियमितपणे मोजून मुलांचाही यौवनारंभाचा काळ काढता येतो, हा या रीतीचा मोठा लाभ होय.

परदेशांतील निष्कर्ष : स्वीडनमधील स्टाटिन व मॅग्नसन यांच्या १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अध्ययनात लवकर वयात आलेल्या मुलींमध्ये १४–१५ व्या वर्षी मद्यपानाचे प्रमाण अधिक आढळले. त्याचा मोठा भाग वयाने मोठ्या मित्रमैत्रिणींच्या संगतीने स्पष्ट होत होता आणि प्रौढपणी हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२–७३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या अध्ययनातून कास्पी, मॉफिट व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये असे दाखविले, की लवकर ऋतुप्राप्ती व बेशिस्त वर्तन यांचा संबंध मुख्यतः मुलामुलींच्या एकत्र शाळांत आढळतो; केवळ मुलींच्या शाळांत तो क्षीण असतो. जॉर्ज पॅटन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १० ते १५ वर्षांच्या मुलामुलींविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वयाचा परिणाम वगळल्यावरही यौवनाच्या पुढील अवस्थांत मादक पदार्थांचे सेवन अधिक आढळले.

या अभ्यासांतून एक समान सूत्र निघते. शरीरातील बदल एकटे व्यसन लावीत नाहीत. शरीराने मोठ्या दिसणाऱ्या मुलीशी भोवतालचा समाज मोठ्यासारखा वागू लागतो, ती मोठ्यांच्या संगतीत जाते आणि त्या संगतीत जो पदार्थ असेल तो तिच्यापर्यंत पोहोचतो. म्हणजेच प्रतिमानातील परिपक्वतेचा सहगुणक हा त्या त्या समाजाच्या चालीरीतींवर अवलंबून असतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील परिस्थिती : महाराष्ट्रात तंबाखूचे सेवन मुख्यतः धूररहित स्वरूपात होते. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार राज्यातील १५ वर्षे व त्यावरील लोकांपैकी शेकडा २६.६ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत होते. धूम्रपान करणारे केवळ शेकडा ३.८, तर धूररहित तंबाखू वापरणारे शेकडा २४.४ होते. १३ ते १५ वर्षे वयाच्या शालेय विद्यार्थ्यांच्या २०१९ मधील पाहणीत भारतात शेकडा ८.५ विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले.

कोकणातील स्त्रियांमध्ये मशेरीची सवय जुनी आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात व ती बोटाने दातांना व हिरड्यांना लावतात. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून सुरू झालेली ही क्रिया निकोटिनामुळे दिवसातून अनेकदा होऊ लागते. धूररहित तंबाखू मानवात कर्ककारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरविले आहे. मुंबईत प्रकाश गुप्ता व श्रीविद्या यांनी १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या अध्ययनावरून २००४ मध्ये असे दाखविले, की मशेरीसारख्या धूररहित तंबाखूचा वापर करणाऱ्या मातांच्या अर्भकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी असते. किशोरवयात लागलेली सवय अशा रीतीने पुढील पिढीच्या वाढीपर्यंत पोहोचते.

मशेरीमुळे प्रतिमानाची मांडणीच बदलते. पाश्चात्त्य प्रतिमानात पदार्थ घराबाहेर असतो व संगतीतून मिळतो. मशेरी मात्र घरात, आई वा आजीच्या डबीत असते. सातव्या-आठव्या वर्षी दात घासताना जिची मशेरीशी ओळख झाली, तिच्या बाबतीत सवयीची सुरुवात यौवनारंभाच्या आधी झालेली असते आणि यौवनारंभ हे तिचे कारण असू शकत नाही. अशा मुलींना पहिल्या सेवनाच्या वयासह वेगळे न नोंदविल्यास प्रतिमान नसलेला संबंध दाखवील किंवा असलेला झाकील. याउलट गुटखा, सिगारेट व मद्य हे पदार्थ टपरी, मित्रमंडळ व उत्सव यांतून मिळतात. तेथे संगतीचे सूत्र लागू पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून रत्नागिरीसाठी पदार्थागणिक स्वतंत्र प्रतिमान करणे सयुक्तिक ठरते.

स्थलांतर हा दुसरा घटक होय. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ असून दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष कमावण्यासाठी मुंबईस जातात व गणपती-शिमग्याला घरी येतात, ही चाकरमान्यांची परंपरा या आकड्यामागे आहे. पिता घरी नसलेल्या मुली लवकर वयात येतात, असा सिद्धांत बेल्स्की, स्टाइनबर्ग व ड्रेपर यांनी १९९१ मध्ये मांडला. त्यात पित्याची अनुपस्थिती ही कौटुंबिक विसंवाद व ताण यांची खूण मानली आहे. चाकरमान्याच्या घरी पिता दूर असला, तरी त्याचा पैसा, धाक व माया घरात पोहोचत असतात. ‘वडील घरी राहतात काय?’ या प्रश्नाला दोन्हीकडे ‘नाही’ असेच उत्तर येईल, परंतु त्याचा अर्थ एक नाही. तेव्हा हा चल कोकणात वापरताना अनुपस्थितीचे कारण व येण्या-जाण्याची वारंवारता यांची नोंद आवश्यक आहे.

तिसरा घटक पोषणाचा. कुपोषणामुळे ऋतुप्राप्ती लांबते. गरीब घरातील मुलगी उशिरा वयात येत असेल आणि त्याच घरात मशेरीचा वापर अधिक असेल, तर गरिबीचा चल वगळलेल्या प्रतिमानात उशिरा वयात येणे हेच व्यसनाचे कारण भासेल. पाश्चात्त्य निष्कर्षाच्या नेमके उलट असे हे चित्र केवळ तिसऱ्या घटकाच्या दुर्लक्षामुळे निर्माण होऊ शकते.

या जिल्ह्यात किशोरींच्या दीर्घकालीन अध्ययनाचा पाया घातला गेला आहे. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने १६ ते १८ वर्षे वयाच्या ग्रामीण मुलींचा समूह निवडून त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करण्याची योजना आखली व तिची रूपरेषा २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढपणी होणाऱ्या असंसर्गजन्य रोगांची मुळे किशोरवयात व गर्भधारणेपूर्वीच्या काळात शोधणे, हा तिचा उद्देश आहे. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अध्ययनात तर मुलांचा जन्मापूर्वीपासून पाठपुरावा झाला आहे. यौवनारंभ व व्यसन यांचा कालक्रम लावण्यासाठी निरीक्षणाची सुरुवात १६ व्या वर्षाच्या पुष्कळ आधी, आठव्या-नवव्या वर्षीच व्हावी लागते; कारण १६ व्या वर्षापर्यंत बहुतेक मुली ऋतुमती झालेल्या असतात.

पाहणीतील अडचणी : ‘तंबाखू वापरतेस का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी मुलगी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकते, कारण तिच्या लेखी ती तंबाखू नसून दात घासण्याची पूड असते. म्हणून प्रत्येक पदार्थाचे प्रचलित नाव घेऊन प्रश्न विचारावा लागतो. उत्तराची सत्यता पडताळण्यासाठी लाळेतील वा मूत्रातील कोटिनीन मोजता येते; निकोटिनापासून शरीरात तयार होणारा हा पदार्थ अलीकडच्या एक-दोन दिवसांतील सेवन दर्शवितो. शाळेत केलेल्या पाहणीत शाळा सोडलेली मुले येत नाहीत आणि जोखीम बहुधा त्यांच्यातच अधिक असते. शिक्षणासाठी मुंबईस गेलेली किंवा विवाह होऊन सासरी गेलेली मुलगी पाठपुराव्यातून गळते. ही गळती यदृच्छ नसल्याने तिचा हिशोब ठेवावा लागतो. एकाच वाडीतील मुलींच्या सवयी परस्परांसारख्या असतात. त्यामुळे एका वाडीतील ४० मुली म्हणजे ४० स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. मुलगी, घर, वाडी व शाळा असे थर मानणारी बहुस्तरीय प्रतिमाने याकरिता वापरतात. पालकांची संमती व मुलीचा स्वतःचा होकार या दोन्ही गोष्टी अनिवार्य आहेत. घरच्या माणसांसमोर दिलेली उत्तरे विश्वसनीय नसल्याने एकांत व गुप्तता यांची हमी द्यावी लागते.

निष्कर्षांचा अर्थ व उपयोग : सापेक्ष जोखीम व प्रत्यक्ष जोखीम यांत गल्लत होण्याचा धोका असतो. उदाहरणादाखल असे समजू, की लवकर वयात आलेल्या १,००० मुलींपैकी ६० जणी व इतर १,००० पैकी ४० जणी तंबाखूकडे वळल्या. जोखीम दीडपट झाली हे खरे. परंतु लवकर वयात आलेल्यांपैकी ९४० जणी तंबाखूपासून दूरच राहिल्या, हेही तितकेच खरे. अशा आकड्यावरून एखाद्या मुलीवर नजर ठेवणे, तिचे शाळेत जाणे वा खेळणे बंद करणे किंवा तिच्या विवाहाची घाई करणे यांस शास्त्राचा कोणताही आधार नाही. मुलगी मोठी दिसू लागली म्हणून समाज तिच्याशी बदलून वागतो, हाच जोखमीचा एक मार्ग असल्याचे वर पाहिले. अशा निर्बंधांनी तोच मार्ग रुंदावण्याची भीती असते.

प्रतिमानातील घटकांत बदलता येणारे व न येणारे असे दोन वर्ग करता येतात. ऋतुप्राप्तीचे वय बदलता येत नाही. घरातील मशेरीची डबी, शाळेजवळची टपरी आणि शरीरातील बदलांविषयीचे अज्ञान हे बदलता येण्यासारखे घटक आहेत. २००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती विकण्यास बंदी केली. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्याच्या विक्रीवर बंदी आली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने बालकास तंबाखू वा मद्य देणे हा गंभीर गुन्हा ठरविला. मशेरी घरीच भाजली जात असल्याने विक्रीवरील निर्बंध तेथे फारसे पोहोचत नाहीत. तेथे आशा कार्यकर्त्या, शिक्षिका व दंतवैद्य यांनी माता व मुली या दोघींशी एकत्र बोलणे अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे. आईने मशेरी सोडली, तर समीकरणातील घरातील तंबाखूसेवनाचा चल मुलीच्या बाजूने शून्य होतो. मुलगी बारा वर्षांची असो वा पंधरा, त्याचा लाभ तिला मिळतो. यौवनारंभाच्या प्रतिमानाचे कोकणातील खरे मोल असे बदलता येणारे घटक संख्येने दाखवून देण्यात आहे.